लिओनार्दो दा विंची : चित्रकार की शास्त्रज्ञ?



शिक्षक-प्रशिक्षण घेत असताना एके दिवशी आमच्या गुरुजींनी आम्हांला एकेक करून फळ्याजवळ बोलावले आणि जास्वंदीचे फूल काढायला सांगितले. जास्वंद आपल्याला काय नवी? आपल्या बेटावर कितीतरी घरांच्या कुंपणाला ती असते. लहानपणी आई मला रोज सकाळी पूजेसाठी तीच फुले तोडायला पाठवीत असे. पण खडू हातात घेतला, पाच पाकळ्या काढल्या आणि माझा हात थांबला. मधली लांब नळी कोठून निघते? तिच्यावर पिवळे केसर कसे बसलेले असतात? टोकाला ठिपके किती? मला काहीच सांगता येईना. हजार वेळा तोडलेले फूल मी एकदाही नीट पाहिले नव्हते.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. चित्र काढायचे तर वस्तू ठाऊक असावी लागते, आणि वस्तू खरोखर ठाऊक आहे की नाही हे चित्र काढायला बसल्यावरच कळते. हीच गोष्ट जन्मभर आचरणात आणणारा एक माणूस पाचशे वर्षांपूर्वी इटलीत होऊन गेला. त्याचे नाव लिओनार्दो दा विंची.

माझ्या वर्गातील मुले त्याला मोनालिसाचा चित्रकार म्हणून ओळखतात. फ्रेंच पुस्तकांत त्या चित्राला ला जोकोंद म्हणतात. उडत्या यंत्रांची चित्रे काढणारा तोच, हेही काहींना ठाऊक असते. मग मुले विचारतात की हा चित्रकार होता की शास्त्रज्ञ? प्रश्न स्वाभाविक आहे. शाळेत चित्रकलेचा तास वेगळा आणि विज्ञानाचा तास वेगळा. पण लिओनार्दोला हा प्रश्न कळलाच नसता. का, ते त्याच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे समजेल.

आजोबांच्या घरातील मुलगा

लिओनार्दोचा जन्म १५ एप्रिल १४५२ रोजी झाला. फ्लोरेन्स शहराच्या पश्चिमेला डोंगराच्या कुशीत विंची नावाचे एक लहान गाव आहे. दा विंची म्हणजे विंचीचा. आपल्याकडच्या रीतीने विंचीकर म्हणा ना! वडील सेर पिएरो हे नोटरी, म्हणजे दस्तऐवज करून देणारे होते. आई कातेरीना गरीब घरची. त्या दोघांचे लग्न झालेले नव्हते. वडिलांनी पुढे दुसऱ्या मुलीशी लग्न केले, आईचेही दुसरीकडे लग्न झाले आणि मूल आजोबांच्या घरी वाढले. नातवाच्या जन्माची तारीख आजोबांनी लिहून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला ठाऊक आहे.

लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला नोटरींच्या संघात घेत नसत. त्यामुळे वडिलांचा व्यवसाय त्याला बंद झाला. लिहिणे, वाचणे आणि हिशेब यापलीकडे त्याचे शिक्षण गेले नाही. त्या काळी विद्या म्हणजे लॅटिन. वैद्यक, गणित, तत्त्वज्ञान, सारे काही त्या भाषेत. लिओनार्दोला लॅटिन येत नव्हते. वय चाळिशीकडे झुकल्यावर तो शाळकरी मुलासारखा वहीत शब्दांच्या याद्या करून ती भाषा शिकू लागला. विद्वान लोक आपल्याला अडाणी समजतात ही सल त्याच्या मनात होती. आपला गुरू पुस्तक नसून अनुभव आहे, असे तो वहीत पुन्हा पुन्हा लिहीत असे.

तो डावखुरा होता आणि उजवीकडून डावीकडे लिहीत असे. त्याचे अक्षर आरशात धरले तरच सुलट दिसते. पुष्कळांना ती गुप्त लिपी वाटते. पण डावखुऱ्या माणसाच्या हाताने ओली शाई पुसली जाऊ नये, यासाठी ही रीत सोयीची असते.

वेरोक्कियोची कार्यशाळा

वडिलांनी मुलाला फ्लोरेन्समध्ये आंद्रेआ देल वेरोक्कियो यांच्या कार्यशाळेत ठेवले. कार्यशाळा म्हणजे नुसती चित्रे काढण्याची जागा नव्हे. तेथे रंग कुटले जात, लाकडाच्या फळ्या तासल्या जात, पितळ व कांसे ओतले जाई, सोनारकामही चाले. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. फ्लोरेन्समध्ये चित्रकार हे वैद्य आणि औषधविक्रेते यांच्याच संघात मोडत. औषधी पदार्थ आणि रंगांचे पदार्थ एकाच दुकानात मिळत. म्हणजे चित्रकार आणि वैद्य हे शहराच्या दप्तरात पहिल्यापासून शेजारीच होते.

त्या शहरातील चित्रकारांना भूमितीची सवय लागून पन्नासएक वर्षे झाली होती. उसाच्या शेतांमधून जाणारा सरळ रस्ता दूर एका बिंदूत मिळाल्यासारखा दिसतो, हे आपण रोज पाहतो. पण तो बिंदू कोठे धरायचा आणि त्याप्रमाणे घरे, खांब, माणसे किती लहान होत जातील, हे मोजून काढण्याचा मार्ग ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने फ्लोरेन्समध्ये दाखवला. १४३५ मध्ये आल्बेर्ती यांनी त्यावर ग्रंथ लिहिला आणि चित्रकाराला भूमिती आलीच पाहिजे असे बजावले. सपाट भिंतीवर खोली दिसू लागली ती अशी, मोजमापाच्या जोरावर.

याच ब्रुनेलेस्कीने फ्लोरेन्सच्या मुख्य चर्चचा प्रचंड घुमट बांधला होता. १४७१ मध्ये त्या घुमटाच्या शिखरावर तांब्याचा सोनेरी गोळा चढवण्याचे काम वेरोक्कियोकडे आले. लिओनार्दो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तो गोळा कसा जोडला, याची आठवण त्याने उतारवयातही वहीत नोंदवली आहे. ब्रुनेलेस्कीच्या वजन उचलण्याच्या यंत्रांची त्याने काढलेली चित्रेही आहेत. यंत्रांची गोडी लागली ती बहुधा येथेच.

१४७३ च्या ऑगस्ट महिन्याच्या ५ तारखेला त्याने आर्नो नदीच्या खोऱ्याचे शाईने चित्र काढले आणि त्यावर तारीख घातली. त्यात देव नाही, संत नाही, राजा नाही. डोंगर, झाडे, पाणी, आणि दूरवर पसरलेली हवा. तेव्हाच्या युरोपात केवळ निसर्गासाठी काढलेले चित्र फार दुर्मिळ होते.

मिलानमधील वर्षे

तिशीच्या सुमारास, १४८२ च्या आगेमागे, तो मिलानला गेला. तेथील सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा यांच्यासाठी त्याने एका पत्राचा मसुदा केला होता. हलके पूल, तोफा, खंदक, चिलखती गाड्या, असे आपल्याला काय काय करता येते ते त्यात क्रमाने सांगितले आहे. चित्रकला येते हे अगदी शेवटी!

येथे त्याच्या वह्या भरू लागल्या. चेंडूसारख्या गोलावर खिडकीतून प्रकाश पडला तर सावली कोठे गडद आणि कोठे फिकी, हे तो रेषा आखून तपाशी. सावलीची कड सुरीने कापल्यासारखी नसते, हळूहळू विरते, हे त्याच्या ध्यानात आले. मग चित्रात चेहऱ्याभोवती काळी रेघ का मारायची? दूरचे डोंगर निळसर दिसतात ते मधल्या हवेमुळे, आणि जितके दूर तितकी निळाई जास्त, हेही त्याने लिहून ठेवले. आपल्या बेटावर पाऊस पडून गेल्यावर डोंगरांकडे पाहा, म्हणजे पटेल. त्याच्या खडकांतील कुमारी या चित्रात खडकांचे थर आणि खाली उगवलेली रोपे अशा बारकाईने काढली आहेत की वनस्पती ओळखणारे लोक त्यांतली काही आजही ओळखू शकतात.

१४८९ मध्ये त्याच्या हाती मानवी कवट्या आल्या. त्या करवतीने मधोमध कापून त्याने आतला भाग काढला. गालाच्या हाडामागची पोकळी त्याने तेव्हा काढली. वैद्यकाच्या पुस्तकांत तिचे नीट वर्णन त्यानंतर दीडशे वर्षांनी आले. पण त्याच पानांवर एक चूकही आहे. माणसाची सगळी ज्ञाने डोक्यात एका मध्यबिंदूत एकत्र येतात, हे जुन्या ग्रंथांतील मत धरून त्याने तो बिंदू रेषांनी दाखवला. तेथे डोळ्यांऐवजी त्याने ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला.

लुदोविकोसाठी त्याला काशाचा भव्य घोडा ओतायचा होता. मातीचा नमुना १४९३ मध्ये लोकांनी पाहिला. पुढल्या वर्षी युद्धाचे ढग आले आणि घोड्यासाठी जमवलेला धातू तोफांसाठी गेला. १४९९ मध्ये फ्रेंच सैन्य मिलानमध्ये शिरले, तेव्हा तिरंदाजांनी तो मातीचा घोडा नेमबाजीसाठी वापरला असे सांगतात.

भिंतीवरचे भोजन

त्याच शहरात, सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहात, १४९५ ते १४९८ च्या सुमारास त्याने येशूचे शेवटचे भोजन रंगवले. चित्र सुमारे पावणेनऊ मीटर रुंद आहे. तुमच्यापैकीच एकजण माझा विश्वासघात करील, असे येशूने शिष्यांना सांगितल्यानंतरचा तो क्षण. बारा शिष्य तीन-तीनच्या चार गटांत बसले आहेत. कोणी उठतो, कोणी हात पसरतो, कोणी मागे सरतो. छताच्या आणि भिंतींच्या सगळ्या रेषा येशूच्या मस्तकाजवळ एका बिंदूत मिळतात. त्या जागी खिळ्याचे भोक सापडले आहे. त्या आधाराने त्याने रेषा आखल्या असाव्यात. आपली नजर आपोआप येशूकडे जाते, त्यामागे ही भूमिती आहे. मनातील खळबळ शरीराच्या हालचालीतून कशी दिसते, हा त्याचा वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. भूमिती आणि हा अभ्यास त्या एका भिंतीवर एकत्र आले.

पण याच भिंतीवर त्याच्या प्रयोगी वृत्तीने त्याला दगाही दिला. भित्तिचित्र काढायची जुनी रीत म्हणजे ओल्या गिलाव्यावर भराभर रंग भरायचे. गिलावा वाळला की रंग त्यात पक्का होतो. लिओनार्दोला भराभर काम जमत नसे. तो पाहायचा, विचार करायचा, एखादी छटा बदलायचा. म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर लाकडी फळीवर रंगवतात तसे रंगवले. रंगाने भिंत धरली नाही. १५१७ मध्ये, तो जिवंत असतानाच, चित्र बिघडू लागल्याचे एका प्रवाशाने नोंदवले आहे. १६५२ मध्ये मठवासीयांनी भिंतीत दार पाडले, त्यात येशूचे पाय गेले. १९४३ मध्ये बॉम्ब पडून भोजनगृह ढासळले. वाळूच्या पोत्यांनी झाकलेली ती भिंत मात्र उभी राहिली. वीस वर्षांहून अधिक काळ चाललेली दुरुस्ती १९९९ मध्ये पुरी झाली. आज जे दिसते ते मूळ चित्राचे अवशेष आहेत.

म्हाताऱ्याचे सुखाचे मरण

फ्रेंच आल्यावर लिओनार्दो मिलान सोडून काही काळाने फ्लोरेन्सला परतला. १५०७-०८ च्या हिवाळ्यातील गोष्ट. सांता मारिया नुओव्हा या इस्पितळात एक म्हातारा होता. आपले वय शंभराच्या वर आहे आणि अशक्तपणाखेरीज आपल्याला काही होत नाही, असे त्याने लिओनार्दोला सांगितले. थोड्याच वेळात, खाटेवर बसल्या बसल्या, कसलाही त्रास न होता तो वारला. इतके शांत मरण कशाने आले, हे शोधण्यासाठी लिओनार्दोने त्याचे शवविच्छेदन केले.

आज हे वाचून काहींच्या अंगावर काटा येईल. तेव्हा बर्फाची पेटी नव्हती, औषधी द्रव नव्हता. प्रेत लवकर नासे, म्हणून एकाच शरीरात सगळे पाहून होत नसे. दुसरे शरीर मिळेपर्यंत थांबावे लागे. रात्री दिव्याच्या उजेडात, दुर्गंधीत, एका हाती सुरी आणि दुसऱ्या हाती लेखणी. आयुष्यभरात तीसहून अधिक शरीरे उघडल्याचे त्याने म्हातारपणी एका पाहुण्याला सांगितले. फ्लोरेन्समध्ये तरुण मायकेलअँजेलोनेही प्रेते उघडून स्नायू अभ्यासले होते. पण मायकेलअँजेलोला हवे होते ते शिल्पासाठी. लिओनार्दो त्वचेखालच्या स्नायूंपाशी थांबला नाही. तो आत आत जात राहिला.

म्हाताऱ्याच्या शरीरात त्याला आकसलेल्या, वाकड्यातिकड्या झालेल्या रक्तवाहिन्या आढळल्या. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी सुकून गेली होती. दोन वर्षांच्या एका मुलाचे शरीरही त्याने पाहिले होते; त्यात सारे याच्या उलट होते. संत्रे जुने होत जाते तशी त्याची साल जाड होते आणि आतला गर कमी होतो, तसे म्हातारपणी रक्तवाहिन्यांचे होते, असा दाखला त्याने दिला. वाहिन्या जाड व अरुंद होऊन माणूस दगावतो, या गोष्टीचे हे अगदी सुरुवातीचे वर्णन मानले जाते. आज आपल्या किती घरांत हृदयविकाराचे दुःख आहे! ते दुःख ज्या वाहिन्यांतून येते त्यांकडे तेव्हा एक चित्रकार वाकून पाहत होता.

मोनालिसाचे चित्र त्याने १५०३ च्या सुमारास घेतले आणि वर्षानुवर्षे जवळ ठेवले. त्याच काळात तो ओठ हलवणारे स्नायू आणि नसा यांचा शोध घेत होता. त्या चेहऱ्यावर तोंडाच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत रेषा नाही, फक्त विरत जाणारी सावली आहे. म्हणून ती हसते आहे की नाही, हे पाहणाऱ्याला ठरवता येत नाही. फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये क्ष-किरणांनी तपासून सांगितले की सावलीसाठी दिलेले अतिशय पातळ थर सगळे मिळूनही माणसाच्या केसाइतके जाड भरत नाहीत.

हृदयातील भोवरे

१५१० च्या सुमारास पाव्हिया येथील विद्यापीठातील शरीरशास्त्राचे तरुण प्राध्यापक मार्कान्तोनिओ देल्ला तोर्रे यांच्या सहवासात त्याने उत्तम काम केले. हात, खांदा, पाय यांची चित्रे त्याने एकाच बाजूने न काढता फिरवून फिरवून काढली, जणू आपणच त्या हाडाभोवती प्रदक्षिणा घालतो आहोत. पाठीच्या कण्याचा बाक त्याने अचूक दाखवला. दोघांनी मिळून काम पुढे नेले असते तर ग्रंथही झाला असता. पण १५११ मध्ये देल्ला तोर्रे साथीत वारले.

पुढे लिओनार्दोने बैलाचे हृदय घेतले. त्यातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या मुळाशी तीन पडद्यांची एक झडप असते. ती मिटते कशी? त्याने त्या पोकळीत मेण ओतून आकार मिळवला, त्यावरून काचेचा नमुना करण्याची युक्ती लिहून ठेवली, आणि वाहत्या पाण्यात गवताचे बी टाकून प्रवाह पाहण्याची पद्धत सांगितली. पडद्यांच्या मागे पाणी भोवरे घेत परतते आणि ते भोवरेच पडदे मिटायला मदत करतात, असा त्याचा निष्कर्ष होता. नदीच्या पाण्याचे भोवरे त्याने आधी शेकडो वेळा काढले होते, म्हणून हृदयातले भोवरे त्याला सुचले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळेत हे पडताळून पाहिले गेले आणि त्याचे म्हणणे बरोबर ठरले. रक्त शरीरभर फिरून परत हृदयात येते, हे मात्र त्याला उमगले नाही. ते हार्वे यांनी १६२८ मध्ये सांगितले.

वह्यांचे काय झाले?

१५१६ मध्ये फ्रान्सचे राजे पहिले फ्रान्स्वा यांच्या बोलावण्यावरून तो फ्रान्सला गेला. आंब्वाझजवळच्या घरात त्याचे अखेरचे दिवस गेले. २ मे १५१९ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, तो वारला. मागे राहिली वीसहून कमी चित्रे, त्यांतील काही अपुरी, आणि हजारो पाने भरलेल्या वह्या.

शरीररचनेवर ग्रंथ काढायचे त्याने अनेकदा ठरवले होते. एकही निघाला नाही. नेहमी आणखी एक शंका, आणखी एक प्रयोग, आणखी एक पान. वह्या त्याचा शिष्य फ्रान्चेस्को मेल्झी याच्याकडे गेल्या. मेल्झीने त्या जपल्या आणि चित्रकलेविषयीचे उतारे एकत्र केले. ते छापून निघायला १६५१ साल उजाडले. मेल्झीच्या मागे वारसांनी वह्यांची आबाळ केली. पाने विकली गेली, वाटली गेली, हरवली. माद्रिदच्या ग्रंथालयात दोन वह्या तर १९६० च्या दशकात सापडल्या. शरीररचनेची चित्रे इंग्लंडच्या राजघराण्याकडे विंडसरला पोहोचली आणि त्यांची चांगली छापील आवृत्ती विसाव्या शतकाच्या आसपास निघू लागली.

दरम्यान १५४३ मध्ये वेसालियस यांचा शरीररचनेवरील सचित्र ग्रंथ छापून निघाला आणि वैद्यकाची दिशा बदलली. जगाने वेसालियस यांच्याकडून शिकावे, हे योग्यच झाले. कारण त्यांनी सांगितले. लिओनार्दोने पाहिले त्यांच्या आधी, पण पाहिलेले वहीत मिटून ठेवले. त्या म्हाताऱ्याच्या रक्तवाहिन्या, हृदयातले ते भोवरे, सारे इतरांना पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागले. शिक्षक म्हणून मला त्याच्या चरित्रातील ही गोष्ट सर्वांत जास्त लागते. एवढे मोठे ज्ञान, आणि त्याच्या हयातीत त्याचा उपयोग किती थोड्या लोकांना झाला!

म्हणून मुलांनी विचारले की लिओनार्दो चित्रकार होता की शास्त्रज्ञ, तर मी सांगतो की तो पाहणारा होता. नीट पाहण्यासाठी तो चित्र काढी आणि नीट चित्र काढण्यासाठी शोध घेई. ज्या मुलाला लॅटिनची शाळा मिळाली नाही, त्याने डोळ्यांची शाळा केली. वर्गात मी आता मुलांना फूल देतो आणि आधी काढायला लावतो, नंतर नावे सांगतो. चित्र पुरे झाले की प्रत्येकाने उभे राहून आपल्याला काय दिसले ते इतरांना सांगायचे, असा माझा नियम आहे. लिओनार्दोच्या हातून राहिलेले काम ते हेच.

आणि हो, जास्वंदीच्या नळीच्या टोकाला पाच ठिपके असतात. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. उद्या सकाळी कुंपणापाशी जाऊन स्वतः मोजा, आणि घरातल्या लहानग्याला बरोबर न्या.